खंडेनवमीच्या नोंदी

माझ्या आईनं आयुष्यात एकदाही पिस्तूल हातात धरलं नाही. तरी वारणगड जिल्ह्यातल्या चारशे सोळा परवानाधारकांपैकी कोणी पिस्तूल कमरेला लावून घराबाहेर पडावं आणि कोणी पडू नये, हे नोकरीची शेवटची नऊ वर्षं तिच्या सहीवर ठरत होतं. ती जाऊन आज सव्वीस दिवस झाले. भेटायला येणारे लोक 'फार कडक बाई होत्या हो' असं म्हणतात आणि मग घाईनं चहाचा घोट घेतात. कडक होती, ते खरंच आहे. पण त्या कडकपणाच्या आत काय होतं ते मला लिहून ठेवायचं आहे. ज्यांची परवानगी घ्यायला हवी होती, त्यांनी ती गेल्या आठवड्यात दिली.

हेमलता इंगवले, नायब तहसीलदार, हे तिचं दारावरच्या पाटीवरचं नाव. मी कॉलेजात पहिल्या वर्षाला असताना बाबा गेले. त्यानंतर घरात आम्ही दोघीच. मी पुढे त्याच कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला लागले आणि आई जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृहशाखेत शस्त्र परवान्यांच्या फायली बघायला लागली. आमच्या जेवणाच्या टेबलावर एका बाजूला माझे पेपर असत, दुसऱ्या बाजूला तिच्या फायली. मधे भाजीचं पातेलं.

त्या काळी परवाना हा कागद होता. पोलिसांचा अहवाल आला, शिक्का बसला, की माणूस काही वर्षं पिस्तूल बाळगायला मोकळा. आई म्हणायची की हा कागद माणसाला एकदाच तपासतो, तेही अर्ज करण्याच्या दिवशी, जेव्हा तो इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यात शहाण्यासारखा वागत असतो. मधल्या वर्षांत तो दारू प्यायला लागला, भावाशी हद्दीवरून भांडला, निवडणूक हरला, तर कागदाला त्याचा पत्ता नसतो.

मग २०३४ साली राज्याचे नवे नियम आले. घरात शस्त्र ठेवण्याचा परवाना वेगळा आणि अंगावर बाळगण्याचा वेगळा. बाळगायचं असेल तर पिस्तुलाला सरकारमान्य मूठ बसवून घ्यायची. ही मूठ म्हणजेच सगळी भानगड होती.

मी हे वर्गात शिकवते तसंच इथं सांगते. माणसाचा हात कधीच पूर्ण स्थिर नसतो. तुम्ही आत्ता हात पुढे धरलात तर तो सेकंदाला आठ ते बारा वेळा थरथरतो, इतका बारीक की डोळ्याला दिसत नाही. भीती वाटली किंवा राग आला की रक्तात अ‍ॅड्रेनलिन उतरतं आणि त्या थरथरीचा झोका मोठा होतो. दुसरी गोष्ट तळहाताचा घाम. अंगाला घाम उन्हानं येतो. तळहाताच्या घामग्रंथी मात्र मनाचं जास्त ऐकतात. घाम आला की कातडीतून वीज सहज वाहते आणि ती मोजता येते. तिसरी गोष्ट नाडी. बोटावर हिरवा प्रकाश टाकला की परत येणाऱ्या उजेडात रक्ताचे ठोके दिसतात. नव्या मुठीत या तिन्हींचे संवेदक होते. त्यांवरून ती एक आकडा काढायची, स्थैर्यांक. शंभर म्हणजे शांत, चाळीसच्या खाली म्हणजे या हातात या घटकेला पिस्तूल नको. एका दिवसात तीनदा चाळीसच्या खाली गेलं की मुठीला आपोआप कुलूप, परवाना स्थगित, आणि परवाना निरीक्षकाकडे हजर राहण्याची नोटीस. मूठ उघडायची ती धारकाच्या अंगठ्यानं.

प्रत्येक जिल्ह्यात एक परवाना निरीक्षक नेमला गेला. आमच्याकडे आई.

तिची स्वतःची एक पद्धत होती, ती या यंत्रापेक्षा जुनी. कुठल्याही अर्जावर सही करण्याआधी ती त्या घरी जायची. दुपारी अडीच वाजता. त्या वेळी पुरुष कारखान्यावर, साइटवर नाहीतर पंचायत समितीत असतात, आणि स्वयंपाकघरातली पहिली पाळी आटोपलेली असते. ती पुरुषांच्या बैठकीच्या, बाहेरच्या सोप्यावर बसायची नाही, सरळ आत जायची. निवडायला काही असेल तर निवडू लागायची. निघताना एकच प्रश्न विचारायची, की हे पिस्तूल घरात आणायचं ठरलं तेव्हा तुम्हाला कुणी विचारलं होतं का? बहुतेक बायका हसायच्या. काही हसायच्या नाहीत. सहकारी तिला मागे 'हळदीकुंकवाची तपासणी' म्हणून चिडवायचे. तिला ते माहीत होतं. एकदा तिनंच एका शिपायाला विचारलं, की अहो, वाण काय लुटायचं म्हणता मग?

परवानाधारकांत माझा मामाही होता. रणधीर खराडे, रस्त्यांची कंत्राटं घ्यायचा. आईपेक्षा चार वर्षांनी लहान, दिसायला देखणा, बोलायला गोड. बाबा गेले तेव्हा महिनाभर आमच्या घरी झोपायला येणारा हाच. मला गाडी शिकवणारा हाच. त्याची फाईल आई नियमाप्रमाणे शेजारच्या जिल्ह्याच्या निरीक्षकाकडे पाठवायची, आणि मामा दरवर्षी तक्रार करायचा की घरची बहीण असून परक्याच्या दारात उभं राहावं लागतं.

२०३६ च्या दसऱ्याला जे झालं ते आमच्याच भागात होऊ शकत होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे घरातली सगळी हत्यारं पुसून पाटावर मांडतात. तलवार असेल तर तलवार, नाहीतर कोयता, विळी, पाना, आता लॅपटॉपसुद्धा. ज्या घरात पिस्तूल आहे तिथं पिस्तूल मधोमध. घरातल्या बायका हळदकुंकू लावतात, झेंडूचं फूल वाहतात, मग सगळे एकेक करून हात लावून पाया पडतात. आता म्हाताऱ्या माणसांचं म्हणणं असं, की पूजा करायची ती जाग्या शस्त्राची. कुलूपबंद शस्त्राची पूजा म्हणजे झोपलेल्या माणसाच्या पाया पडणं. म्हणून जिल्हाभर धारकांनी काय केलं, तर गोळ्या काढून ठेवल्या, अंगठा लावून मूठ उघडली, आणि ती तशी जागी ठेवून पाटावर मांडली. जागी मूठ आपल्याला लागलेला प्रत्येक हात धारकाचाच समजते. ती बनवणाऱ्यांनी एकट्या पुरुषाच्या कोरड्या हातावर तपासलेली होती. बायकोची ओली बोटं, आईची कापरी बोटं, पोरांचे चिकट हात यांचा विचार कुणी केलेलाच नव्हता.

दसऱ्याच्या सकाळी दोनशे बारा परवाने एकदम स्थगित झाले.

पहिला फोन मामाचा. "आक्का, माझं पिस्तूल मला ओळखंना झालंय," तो म्हणाला. "काल कुंकू लावलं, आज रुसून बसलंय. नव्या नवरीगत." तेव्हा तो हसत होता. दुपारपर्यंत कुणी हसत नव्हतं. सीमोल्लंघनाला कमरेला पिस्तूल लावून जायचं ही त्या मंडळींची वर्षभराची हौस. संध्याकाळी सगळे रिकाम्या चामडी म्यानानं आले. एका सरपंचानं म्यान रिकामं दिसू नये म्हणून त्यात टीव्हीचा रिमोट खोचला होता आणि सोनं देताना तो खाली पडला. ती गोष्ट जिल्ह्यात अजून सांगतात.

तिसऱ्या दिवशी मूठ बनवणाऱ्या कंपनीचा माणूस पुण्याहून आला. निषाद गुप्ते, तिशीतला, सभ्य, घाबरलेला. त्याला चूक अर्ध्या तासात सापडली. त्यानं आईपुढे एक प्रमाणपत्र ठेवलं. खंडेनवमीच्या दिवसाच्या सर्व दोनशे बारा नोंदी दोषपूर्ण असून त्या कायमच्या पुसून टाकाव्यात, असा मजकूर. निरीक्षकाची सही झाली की परवाने पूर्ववत. आमदारांपासून सगळ्यांना ती सही त्याच दिवशी हवी होती. आईनं त्याच्याकडे आठ दिवस मागितले आणि नोंदींची एक प्रत, नावं काढून, फक्त क्रमांकांसह.

रविवारी दुपारी तिनं तो संच माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, "यातलं ओलं काय नि खरं काय, ते निवडून दे."

ते कठीण नव्हतं. ओल्या बोटानं वीज एकदम वाहते, उडीच मारते. पण थरथर आणि नाडी जागच्या जागी राहतात. असल्या नोंदी दीडशेच्या वर निघाल्या. लहान मुलांची नाडी मुळातच जलद असते. तो दुसरा ढीग. म्हाताऱ्यांचा कंप संथ असतो, सेकंदाला पाच-सहा, तो तिसरा. आई शेजारी बसून गवारीच्या शेंगा मोडत होती आणि मी सांगेन तसे क्रमांक लिहून घेत होती.

शेवटी एकोणीस राहिले. यांत बोटं प्रौढ माणसाची होती, तिन्ही खुणा एकत्र वर गेलेल्या होत्या, आणि स्पर्श अगदी थोडा वेळ. क्रमांक १४१ ची नोंद मी तिला पडद्यावर दाखवली. हात लागतो आणि अर्ध्या सेकंदात मागे जातो. पुन्हा लागतो, पुन्हा मागे. तिसऱ्यांदाही तेच. चौथ्यांदा दोन सेकंद टेकतो, आणि त्या दोन सेकंदांत थरथर नेहमीच्या पाचपट.

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिला चारशे सोळा क्रमांक पाठ होते.

"हे रणधीरचं," ती म्हणाली.

मी पटकन म्हणाले की यावरून काही सिद्ध होत नाही. पिस्तुलाला कुणीही घाबरेल. मी घाबरेन. संवेदक भीती मोजतो, भीतीचं कारण मोजत नाही. ती म्हणाली, तुझं बरोबर आहे, म्हणून तर जाऊन विचारायचं.

त्या आठवड्यात तिनं एकोणीस घरं केली, रोज दुपारी अडीचपासून पुढे, दिवसाला तीन-तीन. मामाच्या घरी मी तिला गाडीनं सोडलं. निर्मलामामी दिवाळीसाठी चकलीची भाजणी भाजत होत्या. धण्याजिऱ्याचा वास फाटकापर्यंत आला होता. मला वाटलं मीही आत जाणार. आईनं मला सोप्यावर बसायला सांगितलं. हे कामाचं आहे, म्हणाली. दीड तास मी तिथं मामाच्या सत्कारांचे फोटो बघत बसले. आतून कढईत उलथनं फिरल्याचा आवाज येत होता. मग तोही थांबला.

परतताना मी विचारलं, मामी काय म्हणाल्या. आईनं खिडकीची काच खाली केली.

"भाजणी छान जमलीय म्हणाली."

एवढंच. त्यापुढचं तिनं मला ना त्या दिवशी सांगितलं, ना पुढच्या अकरा वर्षांत.

त्या संध्याकाळी आमचं भांडण झालं. आम्ही फारशा भांडायचो नाही, म्हणून ते लक्षात आहे. आई गुप्तेंच्या प्रमाणपत्रावर सही करायला निघाली होती. सगळ्याच्या सगळ्या दोनशे बारा नोंदी पुसणाऱ्या. मी म्हणाले की त्या एकोणीस तरी ठेव. जगात कुठंही नसलेला पुरावा तुझ्या हातात आलाय; घरातलं माणूस बोलत नाही तिथं त्याचं बोट बोललंय. तू ते मिटवणार?

ती ओट्याशी उभी होती. हात पुसत म्हणाली, "हा पुरावा दिला कुणी?"

"त्या बायकांनी."

"दिला, का काढून घेतला? कुंकू लावायला गेल्या होत्या त्या. जबाब द्यायला नाही." मग म्हणाली, "केतकी, हा कागद फायलीत राहिला तर अपिलात तो नवऱ्याला मिळणार. हक्क आहे त्याचा. तो घरी जाऊन काय करील, वाचून दाखवील तिला?"

मी शास्त्र शिकलेली होते, आणि नोंद एकदा झाली की ती चांगलीच असते अशी माझी समजूत होती. आई साधी बी.ए. झालेली होती. मोजता येतं म्हणून ते आपलं होत नाही, हे तिला माझ्याआधी कळलेलं होतं. आज मी ते वर्गात सांगते तेव्हा कुणाकडून शिकले ते सांगत नाही. यापुढे सांगेन.

सोमवारी तिनं सही केली. गुप्तेंनी तिच्यासमोर नोंदी पुसल्या. तिनं माझ्याकडची प्रतही आणून दिली. दोनशे बारा मुठी उघडल्या. कार्यालयाबाहेर कुणीतरी पेढे वाटले.

मंगळवारी तिनं सात फायली जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवल्या. एकोणीस घरांपैकी बारा घरांत बायका पालीला भ्यावं तशा पिस्तुलाला भीत होत्या, माणसाला नाही. उरली सात. त्या सातांचे बाळगण्याचे परवाने स्थगित करून शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करावीत, अशी शिफारस. कारणाच्या जागी प्रत्येक फायलीत एकच वाक्य होतं. 'प्रत्यक्ष भेटीअंती माझं स्वतःचं मत.' कोण काय बोललं याचा उल्लेख नव्हता. सातव्या फायलीची पहिली ओळ होती, 'परवानाधारक माझा सख्खा भाऊ आहे.'

जिल्हाधिकारी तरुण होते, ओडिशाकडचे, मराठी जपून बोलायचे. त्या बैठकीला आईचा अव्वल कारकून हजर होता आणि त्याच्याकडूनच मला हे नंतर कळलं. साहेब म्हणाले की भावाची फाईल शेजारच्या जिल्ह्याकडे पाठवा, दरवर्षी पाठवता तशी. आई म्हणाली की पाठवता येईल, तिथून उत्तर यायला तीन महिने लागतील, आणि तीन महिने ते पिस्तूल त्या घरात राहील. मी नातं लिहून दिलं आहे, निर्णय तुमचा आहे. मग साहेब म्हणाले की मुठीच्या नोंदी ठेवल्या असत्या तर दोष यंत्रावर गेला असता. आता सगळं तुमच्या एका मतावर उभं आहे, लोक तुम्हाला सोडणार नाहीत.

"मला नाही सोडलं तरी चालेल साहेब," आई म्हणाली. "त्या घरांत चौकशी व्हायला नको, कुणाचा हात थरथरला म्हणून."

कारकून सांगत होता की साहेबांनी पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. सातही फायलींवर सही झाली.

मामा दिवाळीच्या चार दिवस आधी आला. नोटीस हातात. तो दार वाजवत नसे, सरळ आत यायचा. त्या दिवशी बेल वाजवली. मी चहा ठेवायला उठले तर म्हणाला, बस, पाहुणचार नको.

"आक्का, यंत्र चुकलं म्हणून तूच लिहून दिलंस. मग आता कशाच्या जोरावर?"

"माझ्या."

"कोण बोललं तुझ्याकडं? निर्मला?"

मी आईकडे बघत होते. तिचा चेहरा फायलीवर असतो तसाच होता.

"माझ्या सहीला दुसऱ्याचं तोंड लागत नाही, रणधीर. मला जे दिसलं ते मी लिहिलं. तुला मी कडेवर घेऊन फिरलेय. तुझा राग कसा असतो ते मला कुणी सांगायला नको."

मग तो खूप बोलला. बाबा गेल्यावर तो किती रात्री इथं काढत होता, त्याच्या लोकांत आता त्याची काय किंमत राहिली, कंत्राटदार कसे हसतात, बहिणीनं भावाची कंबर मोकळी केली म्हणतात. आईनं मधे एकदाही अडवलं नाही. तो दमला तेव्हा ती उठली, त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"जेवढा राग आहे तेवढा इथं माझ्यावर काढ," ती म्हणाली. "कितीही वर्षं काढ. घरी घेऊन जाऊ नकोस."

तो गेला. भाऊबीजेला आला नाही. पुढच्या दहा भाऊबीजांनाही नाही. नोकरीत होती तोवर आईनं त्या दिवशी रजा घेणं मात्र सोडलं नाही.

सातांपैकी दोघांना अपिलात पिस्तूल परत मिळालं. मामाला नाही. त्यानं तीनदा प्रयत्न केला, मग सोडून दिला. आईवर भावकीतला सूड उगवल्याची तक्रार झाली, चौकशी झाली, बदलीची ऑर्डर निघाली आणि थांबली. एका लग्नात तिच्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली ती जेवणं होईपर्यंत. ती शांतपणे जेवली आणि आहेर देऊन निघाली. मला राग आला होता. ती म्हणाली, जिलेबी चांगली होती.

दोन वर्षांनी राज्यानं नियम दुरुस्त केले. मुठीला परका हात लागला तर आता कुलूप पडतं, नोंद होत नाही. आणि बाळगण्याचा परवाना देण्याआधी निरीक्षकानं धारकाच्या गैरहजेरीत घरातल्या प्रत्येक सज्ञान माणसाशी बोलावं, त्याचा तपशील फायलीत लिहू नये, फक्त स्वतःचं मत द्यावं, हे सक्तीचं झालं. शासन निर्णयात अर्थातच कुणाचं नाव नाही. पण निरीक्षकांच्या प्रशिक्षणात त्याला आजही 'दुपारची भेट' म्हणतात. निवृत्तीच्या दिवशी कुणीतरी भाषणात हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली की वेळ महत्त्वाची नाही, सोप्यावर बसू नका म्हणजे झालं.

तिला स्वादुपिंडाचा कर्करोग होता. कळल्यापासून चार महिने. त्यात तिनं मामाचं नाव दोनदा काढलं, दोन्ही वेळा लहानपणच्या गोष्टीत.

ती गेल्यावर पंधराव्या दिवशी मामा आला. बरोबर मामी. तो आता साठीला आलाय, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पायऱ्या चढताना कठड्याला धरून थांबला. मामींना मी मधल्या काळात कार्यप्रसंगी लांबून पाहत होते. आम्ही एकमेकींना मान हलवायचो, एवढंच. दोघं आत येऊन बसली. मामानं आईच्या फोटोला हात जोडले. मग रडला. मी पाणी आणून दिलं.

तो म्हणाला, शेवटचं भेटायला यायला हवं होतं, पाय उचलला नाही. मी म्हणाले, असू दे. मग तो म्हणाला की एकच गोष्ट अकरा वर्षं डोक्यात आहे, आता आक्का नाही, तू तरी खरं सांग.

"तिला कुणीतरी सांगितलं होतं. नुसत्या मनानं करणारी नव्हती ती. कुणी सांगितलं?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. खरंतर मला माहीत काहीच नव्हतं, आईनं कधी सांगितलं नव्हतं. पण त्या सोप्यावरचा दीड तास मला आठवत होता, आणि आई काय उत्तर देईल तेही. मी म्हणाले, "आईनं एकटीनं ठरवलं मामा. तिनं..."

"न्हाई," मामी म्हणाल्या. "मी सांगितलं होतं."

त्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या, पदर दोन्ही खांद्यांवर. माझ्याकडे बघत नव्हत्या, त्याच्याकडे बघत होत्या.

"तुम्ही जेवताना ते ताटाशेजारी ठेवायचा. रोज. मीठ कमी पडलं, भाकरी करपली, की काही बोलायचा न्हाई. नुसतं त्याच्याकडं बघायचा. मग माझ्याकडं. मग जेवायला लागायचा. सहा वर्षं. एवढंच सांगितलं मी आक्कांना. आक्का म्हणाल्या, तुझं नाव माझ्या तोंडातनं जन्मात निघणार न्हाई. निघालं न्हाई."

मामा तिच्याकडे बघत राहिला. त्याचा चेहरा मी वाचू शकले नाही; मला वाटतं त्याला स्वतःलाही ते ताट आठवत नव्हतं, आणि आता आठवायला लागलं होतं.

"मी तुला कधी हात लावला?" तो म्हणाला.

"न्हाई लावला."

"मग मला का न्हाई बोललीस? तेव्हाच?"

"तेव्हा ते घरात होतं," मामी म्हणाल्या.

बाहेर भंगारवाला ओरडत गेला. मग मामानं रुमालानं चेहरा पुसला आणि काठी घेऊन उठला. म्हणाला, चल. मामी म्हणाल्या की तुम्ही व्हा पुढं, केतकी एकटी आहे, मी राहते चार दिवस. तो दारात क्षणभर थांबला. पुन्हा चल म्हणेल असं मला वाटलं. तो म्हणाला, औषधं मी बघून घेईन माझी. आणि एकेक पायरी उतरत गेला.

त्या चार दिवसांत आम्ही आईची कपाटं आवरली. मी हे सगळं लिहू का, असं मी विचारलं तेव्हा मामी पातळाची घडी घालत होत्या. लिही, म्हणाल्या, माझं नाव बदलू नको.

पाचव्या दिवशी मी त्यांना गाडीनं सोडते म्हणाले. मामाचाही सकाळी फोन आला होता, न्यायला येऊ का म्हणून. त्यांनी दोघांनाही नको म्हटलं. सव्वानऊची एसटी आली, खिडकीची जागा मिळाली, आणि वाहकानं कुठं जायचं विचारलं तेव्हा त्यांनी आपल्या गावाचं नाव इतक्या मोठ्यानं सांगितलं की खाली फलाटावर मला ऐकू आलं.